कडेचा शिपाई

आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘नाइट अँड फॉग’ या माहितीपटात एक छायाचित्र क्षणभर पडद्यावर येऊन जाते. मध्ये छावणी: बराकी, कुंपण, आत कोंडलेली माणसे. कडेला टेहळणीच्या मचाणावर, त्या सगळ्यावर नजर ठेवून एक शिपाई उभा आहे. त्याच्या डोक्यावरची टोपी जर्मन नव्हे. चपट्या माथ्याची, पुढे झाप असलेली ती केपी, फ्रान्सच्या पोलिसांची. छावणीही फ्रान्समधलीच. ज्यूंना पूर्वेकडच्या गाडीत चढवण्याआधी जिथे कोंडून ठेवत, तिथे पहाऱ्याला फ्रान्समधलेच कुणाचे तरी मुलगे होते, एवढे ती टोपी न बोलता सांगत होती.

चित्रपट सेन्सॉरपुढे गेला तेव्हा नेमकी ती टोपी डोळ्यांत भरली. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी त्या चित्रावर तुळईसारखा एक काळा पट्टा रंगवून टोपी झाकण्यात आली. प्रेतांचे ढीग राहिले, कापलेल्या केसांचे डोंगर राहिले, बुलडोझरने खड्ड्यात लोटली जाणारी शरीरे राहिली. वीतभर टोपी मात्र सरकारला सोसवली नाही. १९५६ साल होते. युद्ध संपून दहा-अकरा वर्षेच झालेली, आणि सगळा फ्रान्स नाझींशी झुंजत होता, अशी समजूत घट्ट धरून बसलेला देश. अनेक वर्षांनी पट्टा गेला, टोपी परत दिसू लागली.

हे कळल्यापासून मला एक खोड लागली आहे. युद्धाचा, इतिहासाचा, थोर माणसाचा कुठलाही जुना माहितीपट असो, मी चौकटीच्या मध्याकडे कमी आणि कडांकडे जास्त बघतो. लग्नाच्या जुन्या अल्बमचे नाही का तसेच होत? वीस वर्षांनी नवरा-नवरीकडे कोणी बघत नाही. बोट जाते ते मांडवाच्या खांबाला टेकलेल्या आजोबांवर, पंगतीत वाकून वाढणाऱ्या मावशीवर. छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढलेच नव्हते; ती आपली फोटोत आली. माहितीपट काढणारा चौकटीचा मध्य ठरवतो. कड त्याच्या ताब्यात नसते, आणि काळ कसा कोण जाणे, त्याच बाजूने आत शिरतो.

‘द बॅटल ऑफ द सोम’ हा युद्धावरच्या माहितीपटांचा जवळजवळ मूळपुरुष. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात ब्रिटिशांनी मोठा हल्ला चढवला. पहिल्याच दिवशी त्यांचे १९,२४० सैनिक मेले. जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल हे दोघे हाताने फिरवायचे कॅमेरे घेऊन आघाडीवर होते. त्यांनी टिपलेली दृश्ये ऑगस्टमध्ये, लढाई अजून चालू असतानाच, इंग्लंडातल्या चित्रपटगृहांत झळकली आणि सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी तिकिटे खपली. कितीतरी घरांतली माणसे निव्वळ एवढ्यासाठी जात होती की आपला मुलगा, नवरा, भाऊ कुठे ओझरता दिसतो का, ते पाहावे.

त्या प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकवणारे दृश्य असे: सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतला एक जण काठावरूनच निर्जीव होऊन मागे घसरतो. हे दृश्य रचलेले आहे, असे आता अभ्यासक मानतात. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी ते चित्रित झाले असावे. पुढे धावून ‘मेलेल्यां’पैकी एक जण तर थोड्या वेळाने पायावर पाय टाकतो. अवघडला असेल बिचारा. आणि याच चित्रपटात बोमों-आमेलजवळच्या एका खोलगट वाटेत लँकेशायर फ्युझिलिअर्सचे सैनिक हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहत बसले आहेत. तिथे काहीच घडत नाही. कोणी कॅमेऱ्याकडे रोखून बघतो, कोणी ओळख दिल्यासारखे हसतो, कोणाचे लक्षच नाही. त्यांतले अनेक जण त्याच सकाळी मारले गेले. दिग्दर्शकाने ज्याला कळस मानले ते आज नाटक वाटते, आणि दोन प्रसंगांमधली जोडपट्टी म्हणून घेतलेली ती वाट मात्र बघवत नाही.

रचलेले ते सगळे खोटे, असा नियम मात्र करता येत नाही. सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीला, फिल्म्स डिव्हिजन या सरकारी माहितीपट खात्यासाठी ‘रवींद्रनाथ टागोर’ हा माहितीपट केला. त्यात जोडासांकोच्या वाड्यातला लहानगा रवी एका मुलाने साकारला आहे. कोणी फसत नाही. तो मुलगा रवींद्रनाथ नव्हे हे आपल्याला ठाऊक असते आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे रायांना. चित्रपटाची सुरुवात मात्र अस्सल चित्रणाने होते: १९४१ च्या ऑगस्टमधली कलकत्त्यातली अंत्ययात्रा. कवी त्या दृश्यात जवळजवळ नाहीच. आहे ती माणसांची लाट. आयुष्याचा शेवट आधी दाखवून राय मग जन्माकडे वळतात. ती गर्दी पाहून झाल्यावर पुढच्या साऱ्या कविता, चित्रे, नाटके आपण त्या गर्दीच्या डोळ्यांनी पाहू लागतो. कडेची माणसे जाणूनबुजून मध्ये आणून बसवण्याचे कसब फार थोड्यांना साधते.

आपल्याकडे ही विद्या पहिल्यांदा हाताळली ती एका मराठी माणसाने. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले छायाचित्रकार. १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तो पाहून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजची गणितातली ‘सीनियर रँग्लर’ ही पदवी मिळवून परतले. ती मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले आणि सावेदादांनी ते चित्रित केले. भारतातला हा पहिला वार्तापट मानला जातो. त्याचा नायक ना राजा, ना सेनापती, गणिताचा मास्तर! मला या गोष्टीचा नेहमी अभिमान वाटतो. ती फीत मात्र आज पाहायला मिळत नाही. मला रँग्लरांचा चेहरा बघायचाच नाही. त्यांची छायाचित्रे रग्गड आहेत. पगड्या, टोप्या, उपरणी सावरत त्या दिवशी कोण कोण टाचा उंचावून उभे होते, हौशे-नवशे-गवशे किती आणि त्यांत बाया होत्या का, हे बघायचे होते.

फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. त्याआधी युद्धकाळात ब्रिटिश सरकारने प्रचारपट काढणारी खाती उघडली होती. त्यांतल्या एकाची सूत्रे काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडेही होती. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हा पसारा गुंडाळला गेला. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ उजाडला तेव्हा तो सोहळा टिपायला सरकारचे स्वतःचे चित्रपथकच नव्हते. खासगी छायालेखकांनी आणि परदेशी कंपन्यांनी जे घेतले ते घेतले. पुढे मात्र प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सरकारी रीळ दाखवणे सक्तीचे झाले. माझ्या पिढीला ते रीळ म्हणजे अंधारात खुर्ची शोधायला मिळालेली सवलत होती. धरणाचे उद्घाटन, परदेशी पाहुण्याचे स्वागत, पूर, पुन्हा धरण. ठसठशीत आवाजातले निवेदन असे की देशात दुःख म्हणून काही उरलेच नसावे.

त्या धरणांच्या काळातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९५९, दामोदर खोऱ्यातले पंचेत धरण. नेहरूंच्या शेजारी एक किशोरवयीन संथाळ मजूर मुलगी. तिने पंडितजींना हार घातला आणि त्यांनी धरण सुरू करण्याचा मान तिला दिला, तिच्या हाताने बटण दाबवून. तिचे नाव बुधनी. बातमीच्या दृष्टीने हा नव्या भारताचा सुंदर क्षण होता आणि तो होताही. पण गावी परतल्यावर तिला सांगण्यात आले की, परपुरुषाच्या गळ्यात हार घातलास, तू आता त्याची बायको झालीस. तो पुरुष जातीबाहेरचा. तिला वाळीत टाकले. पुढे तिची नोकरीही गेली आणि ती परत मिळायला कित्येक वर्षे लागली. छायाचित्रात ती नेहरूंच्या अगदी जवळ आहे, तरी कडेलाच. तिची कहाणी लोकांपुढे आली ती फार उशिरा, कोणीतरी तिचे नाव-गाव शोधत गेले तेव्हा.

थोर माणसांवरचे माहितीपट इथेच अडखळतात. नायक चौकटीत इतका मावतो की दुसऱ्या कोणाला जागा राहत नाही. विठ्ठलभाई झवेरी यांचा ‘महात्मा’ (१९६८) हा गांधीजींवरचा पाच तासांहून लांब चित्रपट मला याला अपवाद वाटतो, आणि त्याचे श्रेय खुद्द गांधीजींना आहे. त्यांच्याभोवती सतत कोणी ना कोणी आहे: पोरे, बाया, कार्यकर्ते, उगाच शेजारून पळणारा एखादा. एकट्या गांधींचे चित्र घेणे त्या काळच्या छायालेखकांना अवघडच गेले असणार. झवेरींनी ते सारे अफाट साहित्य जमवले, लावले आणि निवेदनही स्वतः केले. आठ खंडांचे ‘महात्मा’ हे चरित्र लिहिणारे दी. गो. तेंडुलकर हे त्यांचे जुने सहकारी. रत्नागिरीकडच्या या माणसाने शब्दांत जो ढिगारा उपसला, तोच झवेरींनी चित्रांत.

आपल्याला वाटते, गांधीजी तुरुतुरु, जवळजवळ धावल्यासारखे चालत. ते झपाट्याने चालत हे खरेच. पण मूकपटाच्या जमान्यातले चित्रण सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या गतीने घेतलेले असे आणि नंतर ते चोवीसच्या गतीने दाखवले गेले. माणूस विनाकारण घाईत दिसू लागला. सोमच्या सैनिकांचेही तेच. २०१८ मध्ये पीटर जॅक्सन यांनी ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’मध्ये पहिल्या महायुद्धातल्या अशा चित्रणाची गती संगणकाने सुधारली, त्यात रंग भरले, ओठांच्या हालचाली वाचणाऱ्यांकडून सैनिक काय बोलत असतील ते काढून त्यांना आवाज दिला. रंगांबद्दल माझे मन अजून साशंक आहे. गवताचा हिरवा नेमका कोणता, हे ठरवणारा त्या गवतावर कधी बसलेला नसतो. गतीच्या सुधारणेला मात्र माझा हात जोडून नमस्कार. चाल माणसाची झाली आणि आतापर्यंत कळसूत्री वाटणारी ती पोरे एकदम कुणाच्या तरी घरची झाली.

रॉबर्ट मॅकनमारा यांच्यावरच्या ‘द फॉग ऑफ वॉर’मध्ये (२००३) एरल मॉरिस यांनी उलटी युक्ती केली. व्हिएतनाम युद्धाच्या काळातला हा अमेरिकी संरक्षणमंत्री, वय पंचाऐंशीच्या घरात, बुद्धी तल्लख. मॉरिस त्याला पुष्कळदा चौकटीच्या मधोमध बसवतच नाहीत. तो एका बाजूला, उरलेली जागा रिकामी. तो सरळ आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, कारण मॉरिस यांनी तशी यंत्रणाच बनवली होती. १९४५ च्या मार्चमध्ये एका रात्रीत टोकियोतली सुमारे एक लाख माणसे जाळली गेली, तेव्हा त्या हवाई मोहिमेची आकडेमोड करणाऱ्यांत तो होता. आपण हरलो असतो तर युद्धगुन्हेगार म्हणून उभे राहिलो असतो, असे आपला सेनापती म्हणाल्याचे तो सांगतो आणि ते मान्यही करतो. पण स्वतःच्या व्हिएतनामकडे वळला की वाक्ये गुळगुळीत होतात. त्या वेळी शेजारची रिकामी जागा फार मोठी वाटते. तिथे कोणाला बसवायचे, ते मॉरिस सांगत नाहीत.

कॅमेरा नेहमी साक्षीदाराच्या हातात असतो, अशी आपली भाबडी समजूत. ‘नाइट अँड फॉग’मध्येच एक मुलगी दिसते. मालगाडीच्या दाराच्या फटीतून बाहेर बघणारी, डोक्याला फडके गुंडाळलेली. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीचे हे चित्रण. छावणीच्या जर्मन कमांडंटला आपला कारभार किती चोख चालतो ते दाखवायचे होते. त्याच्या हुकमावरून रुडॉल्फ ब्रेसलाउअर या ज्यू कैद्याने ते केले. पुढे तोही आउश्वित्झला पाठवला गेला आणि परतला नाही. ती मुलगी कित्येक दशके डच ज्यूंच्या संहाराचे प्रतीक झाली होती. नाव कोणाला माहीत नव्हते. चित्रणातल्या एका सामानाच्या पेटीवर लिहिलेल्या अक्षरांवरून त्या गाडीची तारीख निघाली: १९ मे १९४४. मग आड वाखेनार नावाचा डच पत्रकार डोळ्यांत तेल घालून मागावर राहिला आणि १९९४ मध्ये त्याच डब्यातून गेलेली, वाचलेली एक बाई त्याला भेटली. मुलीचे नाव सेटेला स्टाइनबाख. वय नऊ. ती ज्यू नव्हतीच. सिंती, म्हणजे भटक्या जमातीतली. पन्नास वर्षे जग तिच्याकडे बघत होते, आणि बघता बघता तिच्या जमातीला विसरलेले होते.

वॉर्सा घेट्टोत मे १९४२ मध्ये नाझींच्या चित्रपथकाने घेतलेल्या रिळांची गोष्ट आणखी विचित्र. त्यात भुकेने रस्त्यावर मेलेली माणसे आहेत आणि त्यांच्या बाजूने बेफिकीर चालत जाणारे सुखवस्तू ज्यूही. युद्धानंतर ही रिळे सापडली आणि कित्येक माहितीपटांत अस्सल पुरावा म्हणून वापरली गेली. पुढे १९९८ मध्ये आणखी एक रीळ मिळाले, कापून टाकलेल्या तुकड्यांचे. त्यात तोच प्रसंग पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. ‘प्रेताकडे न बघता जा’ असे त्या माणसांना बंदुकीच्या धाकाने शिकवले जात होते. एखाद्या तुकड्यात कडेने कॅमेरा घेतलेला माणूसच चौकटीत शिरतो. याएल हर्सोन्स्की या इस्रायली दिग्दर्शिकेने २०१० मध्ये या साऱ्यावर ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ केला. खोटेपणा उघडा पडला तो टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या फितीमुळे. आता फोनवर काढलेल्या चित्रातून मागे आलेला नको असलेला माणूस बोटाच्या एका फटकाऱ्याने नाहीसा होतो. समुद्र मोकळा, देऊळ रिकामे, आपण एकटे. टाकाऊ काही उरतच नाही, म्हणून मला त्या सोयीचा धसका वाटतो.

कड नुसती शिल्लक असून भागत नाही, हेही खरे. ४ एप्रिल १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांच्या एका टेहळणी विमानाने पोलंडमधल्या एका रासायनिक कारखान्याची छायाचित्रे घेतली. कारखाना हवा होता, तो मिळाला. त्याच फितीवर आउश्वित्झची छावणीही आली होती. छायाचित्रे तपासणाऱ्यांनी कारखान्याचे भाग ओळखले, छावणीकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ती शोधायला त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी गुप्तचर खात्यातल्या दोघांनी त्या जुन्या फिती पुन्हा काढल्या तेव्हा ती दिसली. हारून फारोकी या जर्मन दिग्दर्शकाने यावर एक अख्खा माहितीपट केला. कॅमेऱ्याने पाहिले होते, माणसाने पाहिले नव्हते.

क्लॉड लान्झमन यांनी तर जुन्या चित्रणाकडे पाठच फिरवली. ‘शोआ’ हा त्यांचा साडेनऊ तासांचा माहितीपट १९८५ मध्ये आला. अकरा वर्षे ते त्यात गुंतले होते. त्यात जुन्या संग्रहातले एकही चित्र नाही. आजची जंगले, आजचे रूळ, आजची माणसे आणि त्यांचे बोलणे. खेउमनो या पोलिश गावी एका चर्चसमोरचा प्रसंग आहे. शिमॉन स्रेब्निक तेरा वर्षांचा असताना तिथल्या मृत्युछावणीत होता; नदीतल्या होडीत त्याला गायला लावत. डोक्यात गोळी लागूनही तो वाचला. आता इतक्या वर्षांनी तो परत आलाय आणि गावकरी त्याच्याभोवती जमले आहेत. ‘ओळखलं याला, किती छान गायचा!’ सगळे खरोखर आनंदले आहेत. मग कोणी आठवणी सांगतो, कोणी सुधारतो, आणि गर्दीतून एक जण पुढे होऊन ऐकीव गोष्ट सांगू लागतो, जिचा मथितार्थ असा की ज्यूंचे हे भोग ख्रिस्ताच्या रक्ताचे. माना डोलतात. मधोमध स्रेब्निक उभा. तोंडावर मघाचेच हसू, आता थिजलेले. तो एक शब्द बोलत नाही. इथे कडच बोलते आहे आणि मध्य गप्प आहे. जुन्या चित्रणाला हात न लावताही लान्झमन तिथेच पोहोचले, जिथे रेने टोपीच्या वाटेने पोहोचू पाहत होते: मारणारे मूठभर, आणि भोवती उभे असलेले पुष्कळ.

एवढे सगळे बघून झाल्यावर मला आपल्या रिळांची आठवण येते. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. मुंबईत पेडर रोडवरच्या तिच्या आवारात आता भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे जमलेल्या दशकांच्या चित्रणातले मधले चेहरे आपल्याला पाठ आहेत: पंतप्रधान, मुख्यमंत्री, पाहुणे. फीत कापणाऱ्याच्या मागे ट्रे धरून उभी असलेली मुलगी कोण, धरणाच्या भिंतीवर पाट्या वाहणारी माणसे कुठल्या बुडालेल्या गावची, हे कोणत्याही सूचीत नाही. दुष्काळाचेही तसेच. १९७२ साली खडी फोडणाऱ्या बायांची छायाचित्रे आपण प्रदर्शनांत लावतो आणि खाली ‘दुष्काळी कामावरील स्त्रिया’ एवढे लिहून मोकळे होतो. त्या वेळी विशीत असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. तिच्या गावात आजही तिला नावाने हाक मारली जाते. वाखेनारला पन्नास वर्षांनंतर त्याच डब्यातली एक बाई भेटली, कारण तो विचारत गेला आणि ती हयात होती. छायाचित्र घेऊन बीड, धाराशिव, सोलापूरच्या गावांत जायचे, पारावर बसलेल्यांना दाखवायचे आणि विचारायचे: ही कोणाची? नव्याने माहितीपट काढायला निघालेल्या मुलामुलींनी आधी एवढे केले तरी पुष्कळ. थोर पुरुष थांबतील. त्यांची चरित्रे लिहून झाली आहेत.